तीन काळजांच्या गोरुदानाशी मावशींनी दिलेल्या झुंजीची हकीकत

मोठ्या लढायांच्या हकीकती लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांत तोफा किती, घोडे किती, पडले किती, पळाले किती, हा मजकूर तपशीलवार येतो. परंतु चहाच्या खोलीत, दोन कपांच्या मधोमध, शस्त्र न उपसता जी युद्धे होतात त्यांची नोंद कोणी ठेवीत नाही, आणि मग पुढच्यांस वाटते की मागचे लोक नुसते बसून चहा पीत होते. हा गैरसमज राहू नये म्हणून, ज्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरचे गार हवेचे यंत्र दोनदा बिघडले आणि एकदा आपसूक सुधारले, त्या वर्षी मिचिबो आणि गोरुदान या दोन महायोद्ध्यांत वरचढ कोण या प्रश्नावरून जो संग्राम जाहला, त्याची हकीकत पदरचे काही न घालता लिहिली असे. कोणाचा पक्ष घेतला नाही. कोणाच्या बाजूने लिहिल्यासारखे वाटल्यास, त्या दिवशी ती बाजूच तशी होती असे समजावे.

तिसऱ्या मजल्यावरची दौलत म्हणजे डबिंगचे दालन. परमुलखातून ॲनिमे मालिका यावी, तीतल्या वीरांच्या तोंडी आपली भाषा घालावी, आणि मुदतीच्या आत ती परत रवाना करावी, हा येथला कारभार. मुलूख म्हणावा तर लहान. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जाड गाद्या लावलेला एक बूथ, त्याला काचेची खिडकी, काचेअलीकडे बटणांनी भरलेले लांब टेबल, आणि बोळाच्या टोकाला चहाची खोली. मसलती सर्व तेथेच होत, आणि कटही.

या दौलतीचा एक रिवाज ठाऊक असल्याखेरीज पुढचा मजकूर उमगणार नाही. परमुलखीच्या मालकांस चित्रे चोरीस जाण्याचे फार भय, म्हणून ते चित्रफीत पाठवीत ती काळी करून पाठवीत. साऱ्या काळ्या पडद्यावर एक वाटोळे भोक, आणि त्या भोकात बोलणाऱ्याचे तोंड. हात नाही, पाय नाही, तलवार नाही, डोळेसुद्धा नाहीत. त्या तोंडाच्या उघडझापीवर आपले शब्द बसवावयाचे. त्यातून प्रत्येकाने बूथमध्ये एकट्याने जाऊन आपापले तेवढे बोलून यावे, आणि आरोळ्या मात्र शेवटी माराव्या, म्हणजे घसा आधीच बसत नाही. सबब ज्यांनी अकरा अकरा वर्षे महायुद्धे गाजविली, त्यांनी एकही युद्ध पाहिले नव्हते. त्यांनी दात पाहिले होते.

आता या मुलखीचे मातबर सांगतो. मिचिबो हा दहा वर्षांचा पोर, सात दारे फोडणारी आरोळी मारून राक्षस लोळविणारा. त्याचा आवाज म्हणजे मावशी. वय अठ्ठावन, अंगाने भरदार, चष्मा दोरीने गळ्यात, आणि बूथमध्ये शिरताच त्या अंगातून असे काही बारीक, खट्याळ पोर बोले की नवा माणूस काचेतून वाकून बघे, पोर लपले कोठे. गोरुदान हा दुसऱ्या मालिकेतला, डोंगराएवढा, छातीत तीन काळजे बाळगणारा. त्याचा आवाज ज्या गृहस्थांच्या पोटातून निघे त्यांस वाऱ्यात उभे करू नये अशी त्यांची अंगकाठी, म्हणून सर्वजण त्यांस काडी म्हणत. आणि या दोहोंचे ध्वनी ज्यांच्या बोटांखालून जात ते ध्वनिमुद्रणधुरंधर, बटणांचे खासे मालक, मितभाषी राजमान्य बटणराव. या हकीकतीत लढले इतर, परंतु झोप उडाली ती बटणरावांची, आणि त्याचे कारण असे.

वर्षापूर्वी एके दिवशी मावशींची आरोळी चौथ्या सेकंदास फुटली. सात सेकंदांची आरोळी, चौथ्यास तडा गेला, पुन्हा घेतली तो पुन्हा तेथेच. बटणरावांनी काचेतून अंगठा वर केला, “ओके मावशी, छान झालं,” म्हणाले, आणि मावशी घरी गेल्यावर जुन्या साठ्यातून सात वर्षांपूर्वीची एक ताजी, खणखणीत आरोळी काढून त्या जागी बसविली. एकदा केले. मग दुसऱ्यांदा केले. असे करता करता एकतीस भाग जाहले. रोजच्या कामाच्या तक्त्यात एक रकाना असे, ‘जुना ध्वनी वापरला काय?’, तो बटणराव प्रत्येक वेळी कोरा सोडीत. हो लिहिण्याचे धैर्य नव्हते, आणि नाही लिहिण्याइतके ते खोटे नव्हते.

असे चालले असता वार्ता आली की दोन्ही मालिका एकाच मालकाच्या, आणि त्याने दोन्ही वीर एकत्र घालून एक मोठा चित्रपट रचिला आहे, आणि त्यात मिचिबो आणि गोरुदान समोरासमोर ठाकणार आहेत. वार्ता आली तेव्हा चहा उकळत होता. काडी यांनी कप उचलला, एक घोट घेतला, आणि सर्व अनर्थास मूळ जे वाक्य ते उच्चारले.

“मावशी, राग मानू नका, पण तुमचं पोरगं माझ्या गोरुदानाच्या बुटाला खालून चिकटेल, आणि त्याला संध्याकाळपर्यंत पत्ताही लागणार नाही.”

मावशींनी चष्मा डोळ्यांवर चढविला. त्यांनी चष्मा चढविला म्हणजे दरबारात शांतता होई.

“अरे काडी, तुझा तो ढोल्या वाकून बुटाखाली बघेपर्यंत माझा मिचिबो त्याच्या एका नाकपुडीतून शिरून दुसरीतून बाहेर येईल. आणि जाता जाता आत झाडलोट पण करेल.”

येथून नौबत झडली. दोन गोट पडले. मावशींकडे स्वागतकक्षाच्या ताई नामजाद जाहल्या, आणि काडी यांच्याकडे, मिचिबोच्या लांब लांब वाक्यांस कंटाळलेले संवादलेखक रुजू जाहले. रोज चहाच्या दोन वेळा मोर्चे लागत, मधल्या वेळी बोळात चकमकी होत, आणि कागदाच्या कपांवर पेन्सिलीने नकाशे काढून गोरुदान येथून येईल, मिचिबो तेथून उडी घेईल, असे व्यूह रचिले जात. ते कप मग चुकून कोणी धुतले की त्याच्यावर फितुरीचा आळ येई.

काडी यांचे म्हणणे असे पडले की गोरुदानास तीन काळजे आहेत, सबब त्यास तीनदा मारावे लागेल, आणि तितका वेळ शाळकरी पोरास कोण देतो.

“काळजं तीन असतील रे, पण घसा एकच ना?” मावशी म्हणाल्या. “ओरडून ओरडून दमेलच कधीतरी.”

“आणि तुमचा मिचिबो काय करतो? मार खातो. पडतो. मग उठून बोंबलतो. मार खाणं हे काय कसब झालं?”

“खाऊन उठणं हे कसब आहे. तुझा गोरुदान एकदा तरी पडून उठलाय का?”

“पडलाच नाही तर उठेल कशाला?”

ताईंनी मधेच तोफ डागली की गोरुदान पाण्यास भितो, चाळिसाव्या भागात तो बुडाला होता. काडी उसळून म्हणाले, “पाणी नव्हतं ते, तेल होतं!” ताईंनी विचारले, कशावरून? काडी म्हणाले, “मी स्वतः बुडालोय त्यात. गुळण्या मीच केल्यात. पाण्याची गुळणी वेगळी असते.” यावर ती चकमक तेथेच थांबली, कारण ते पाणी होते की तेल हे त्या दालनातल्या एकाही माणसाने पाहिले नव्हते.

संवादलेखकांनी मालकांकडून आलेला पात्रांचा कागद वाचून दाखविला, त्यात लिहिले होते की चित्रपटात मिचिबोस तेरावे लागले आहे. ताई हर्षभरित होऊन म्हणाल्या, म्हणजे तीन वर्षांचं बळ वाढलं. काडी म्हणाले, “मिसरूड फुटलं म्हणून डोंगर उचलतं का कोणी?” मावशींनी तो कागद मागून घेतला, आणि ‘तेरावे’ या शब्दाकडे, आपल्या घरातले पोर न सांगता मोठे जाहले असे पाहावे तसे, थोडा वेळ पाहत राहिल्या.

या सर्व काळात बटणराव कोणत्याही गोटात गेले नाहीत. चहा घेऊन दारात उभे राहत. दोन्ही पक्षांनी त्यांस वकील पाठवून बोलणी लाविली, परंतु ते “बघू” यापलीकडे गेले नाहीत.

आता दालनाची सारी सूत्रे मॅडमच्या हाती. मॅडम म्हणजे दिग्दर्शिका, मुदतीच्या कडक, आणि त्यांचे घड्याळ सर्वांच्या घड्याळापुढे पाच मिनिटे. चहाची वेळ दहाची वीस मिनिटे आणि विसाची चाळीस जाहली हे त्यांच्या ध्यानी आले, तेव्हा चहाच्या खोलीत येऊन उभ्या उभ्याच त्यांनी फर्मान काढिले, ते असे: या वादाचा निकाल चित्रपट स्वतः देईल, ज्याचा वीर हरेल त्याच्या कलावंताने अकराची पाळी सोडावी, आणि तोवर चहा दहा मिनिटांत आटपावा.

अकराची पाळी म्हणजे काय हे बाहेरच्यास कळणार नाही. सकाळी अकरास घसा मोकळा जाहलेला असतो, पोट हलके असते, आणि आवाज सांगाल तेथे जातो. तीनच्या पाळीस जेवण अंगावर आलेले असते, बूथ तापलेला असतो, आणि आवाजास गोणपाट गुंडाळल्यासारखे होते. अकराची पाळी अकरा वर्षे मावशींकडे होती. काडी वर्षानुवर्षे तीनच्या पाळीत जांभया दाबीत आले होते आणि अकराकडे, किल्ल्याकडे पाहावे तसे, पाहत होते. फर्मान ऐकून ते मनी संतोष पावले. बटणरावांनी मात्र हातचा चहा न पिताच खाली ठेविला, कारण मावशींचा घसा अकरास चौथ्या सेकंदापर्यंत जाई, तो तीनला कोठवर जाणार हे त्यांस ठाऊक होते.

परंतु खरे संकट पुढेच होते. मॅडमनी त्यांस एकट्यास आत बोलाविले आणि मालकांचा खलिता वाचावयास दिला. त्यात मजकूर असा: छोट्या वीराच्या गेल्या एकतीस आरोळ्या आम्ही तपासिल्या, त्या तंतोतंत सारख्या आहेत, केसाचाही फरक नाही, सबब आवाज थकला असून झाकपाक होत आहे असा संशय येतो, चित्रपटाचे युद्धप्रकरण दोघा कलावंतांस एकत्र उभे करून घ्यावे, कच्चा ध्वनी जसाच्या तसा पाठवावा, आणि तो पाहून आवाज बदलावा किंवा कसे हे ठरवू.

“यात मला काही माहीत असायला हवं का?” मॅडमनी विचारले.

बटणरावांनी खलित्याची घडी घालून तो परत टेबलावर ठेविला, आणि मॅडमनी पुढे विचारले नाही. ज्या हाताने मावशींवर छत्र धरिले म्हणून ते वर्षभर मनोमन सुखावत होते, त्याच हाताने त्यांनी मावशींस उन्हात आणून उभे केले होते, हे त्या क्षणी त्यांस कळले. आणि मावशींस यातले काही ठाऊक नाही, असा त्यांचा समज होता.

मग युद्धप्रकरणाची काळी फीत आली आणि दोन्ही गोट पडद्यापुढे जमले. संहितेत संवाद म्हणून नव्हतेच, नुसते ‘आ’ आणि पुढे सेकंद. परंतु शेवटच्या दहा सेकंदांनी सारा दरबार हवालदिल केला. एका भोकात गोरुदानाचे तोंड सताड उघडे, आणि दुसऱ्यात मिचिबोचे तोंड मिटलेले.

“फत्ते!” काडी ओरडले. “माझा विजयाची डरकाळी फोडतोय, आणि तुमचा गप्प. मिटलं तोंड. संपला विषय.”

ताई रडकुंडीस आल्या. संवादलेखकांनी तक्ता पाहून सांगितले की या दहा सेकंदांस दोघांच्याही नावे आवाज मांडला आहे, परंतु मिटल्या तोंडी आवाज कसला, तेव्हा ही मालकांच्या कारकुनाची चूक असावी. मावशी पडद्याशी नाक लावून उभ्या होत्या.

“हे तोंड मेलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “अकरा वर्षं रोज बघतेय मी हे. हरला की खालचा ओठ आत घेतो तो. इथे घेतलेला नाही.”

“मावशी, भावनेच्या भरात—”

“भावना नाही रे, ओठ. ओठ बघ.”

परंतु तो पुरावा कोणी ग्राह्य धरिला नाही, आणि त्या संध्याकाळी काडी यांच्या गोटात बिस्किटे वाटली गेली.

कच्च्या ध्वनीचा दिवस ठरला, आणि वेळ ठरली तीनची, कारण दोघेही एकदम मोकळे असत ते तेव्हाच. बटणरावांनी ती वेळ टाळण्यासाठी पराकाष्ठा केली. त्यांनी अर्ज केला की माइकची वायर खराब आहे. मॅडमनी हुकूम केला की दुरुस्त करा. आणि वायर मुळात चांगली असल्यामुळे ती दुरुस्त होण्यास काहीच वेळ लागला नाही. मग त्यांनी कोमट पाण्याचा थर्मास बूथमध्ये नेऊन ठेविला, मावशींचा माइक चार बोटे जवळ सारला, आणि शेवटी, दुसरा इलाज न उरल्यामुळे, सात वर्षांपूर्वीची ती आरोळी गुपचूप एका बाजूच्या बटणावर आणून ठेविली. मावशींचे तोंड उघडताच ते बटण दाबावयाचे, आणि कच्च्या ध्वनीत पक्के मिसळून द्यावयाचे, अशी मसलत. ही दगाबाजी होती हे त्यांस पुरते ठाऊक होते. बोट बटणावर ठेवून ते काचेपलीकडे पाहत बसले.

तीन वाजले. आवाज नको म्हणून गार हवेचे यंत्र बंद केले, आणि बूथ तापू लागला. अकरा वर्षांत प्रथमच मिचिबो आणि गोरुदान एका खोलीत उभे राहिले. एक भरदार मावशी आणि एक काडी. त्यांनी एकमेकांस आधी पाणी विचारले आणि मग युद्धास प्रारंभ केला. आणि मग काय वर्णावे! काडी यांनी अशी गर्जना केली की काचेवरची धूळ सुटली, आणि मावशींनी अशी किंकाळी दिली की बोळात ताईंच्या हातची फाईल खाली पडली, आणि मग हुंकार, आणि मग धापा, आणि मग एक दोघांचाही लांब विव्हळण्याचा तुकडा, त्यात पाऊण तास गेला, आणि दोघांच्याही कपाळी घाम निथळू लागला. मग रिवाजाप्रमाणे मागे ठेविलेली सात सेकंदांची आरोळी आली. मॅडमनी खूण केली. बटणरावांचे बोट बटणावर घट्ट जाहले.

मावशींनी चष्मा काढिला, तो दोरीवर लोंबू दिला, आणि माइकमध्ये सहज, भाजीवाल्याशी बोलावे तशा आवाजात म्हणाल्या, “बटणराव, आज ती जुनी नको हं. तिच्यात खुर्ची कुरकुरते.”

काडी यांस काही कळले नाही. मॅडमनी वर पाहिले नाही. बटणरावांस मात्र सर्व आठवले: सात वर्षांपूर्वी मावशी बसून आवाज देत, आणि त्यांची वेताची खुर्ची पुढे झुकताच कुरकुरे, आणि ती खुर्ची मोडीत जाऊन सहा वर्षे जाहली. एकतीस भागांत, एकतीस वेळा, नसलेली खुर्ची कुरकुरली होती, आणि मावशींनी ती घरी बसून ऐकली होती. त्यांनी बटणावरून बोट उचलले आणि दोन्ही हात मांडीवर ठेविले.

मावशींनी श्वास भरला आणि आरोळी सोडली. एक सेकंद गेला, दोन गेले, तीन गेले, आणि चौथ्यास आवाज फुटला. असा फुटला की वरचा वर राहिला आणि खालचा खाली पडला. परंतु मावशी थांबल्या नाहीत, तो फुटका आवाज तसाच ओढीत पाचव्यास नेला, सहाव्यास नेला, आणि सातव्यास सोडून दिला.

“मावशी,” काडी हळूच म्हणाले, “घ्या की पुन्हा. मी थांबतो. घाई नाही मला.”

बटणरावांनी बोलण्याचे बटण दाबिले. वर्षभर जे वाक्य तोंडात बसले होते ते वर आले, ते त्यांनी गिळले, आणि खरे ते सांगितले. “चौथ्या सेकंदाला फुटला, मावशी.”

“माहितेय. ठेव तसाच.” मावशींनी थर्मासचे झाकण उघडले. “तेरावं लागलंय ना त्याला? मग फुटायचाच की आवाज. माझा धाकटा तेराव्यात असताना एकदा दारातून ‘आई, किल्ली’ म्हणून ओरडला, तर मला वाटलं दोघंजण आलेत. दोन कप चहा टाकला होता मी. या पोराला काय, जन्मभर दहाच वर्षांचं ठेवायचं?”

मॅडमनी तक्त्यावरून मान उचलली, काचेपलीकडे पाहिले, आणि हुकूम केला की आरोळी मंजूर, पुढचे घ्या.

पुढचे म्हणजे शेवटचे दहा सेकंद. काडी यांनी छाती भरून विजयाची डरकाळी फोडली, आणि मावशींनी हात वर करून ती मध्येच थांबविली.

“थांब रे. हे ओरडणं नाही. ओरडताना जीभ खाली बसते. याची मागे चाललीये बघ. आणि खालचा जबडा बघ, किती सावकाश उतरतोय.” त्या पडद्याकडे पाहत होत्या, आणि मग एकाएकी काडी यांच्याकडे वळल्या. “अरे, हे तर तुझंच तोंड! रोज तीनला तू असाच दिसतोस. जांभई आहे ही!”

सर्वांनी पाहिले. आणि एकदा पाहिल्यावर ते दुसरे काही दिसेना.

“मग माझा काय करतोय?” मावशी पुटपुटल्या, आणि मिटल्या ओठांजवळ वाकल्या. ओठ मिटलेले, परंतु खालची हनुवटी बारीक हलत होती. मावशींनी ओठ मिटले, डोळेही मिटले, आणि कोणास काही न सांगता त्या गुणगुणू लागल्या. शब्द नाहीत, नुसती चाल. फुटलेल्या आवाजाची, थोडी घोगरी, दमलेल्या पोराने दमलेल्या माणसाकरिता गुणगुणावी तशी अंगाई. हनुवटी आणि चाल एकास एक बसली. काडी यांस मॅडमनी हुकूम केला की जांभईचा अभिनय करा, परंतु अभिनयाची गरज पडली नाही. तीनची वेळ, बंद यंत्र, कानाशी अंगाई. जी जांभई निघाली ती अस्सल होती, आणि पहिल्याच झटक्यात मंजूर जाहली. काडी यांनी उभ्या आयुष्यात वठविलेली ती सर्वांत उत्तम भूमिका होय, असे त्यांच्या पक्षाचेही मत पडले.

कच्चा ध्वनी जसाच्या तसा रवाना जाहला. त्यानंतर चहाच्या खोलीत बटणराव मावशींपुढे जाऊन उभे राहिले, आणि त्यांचा कप भरला.

“तुम्ही बोलला का नाही, मावशी?”

“तुला वाईट वाटलं असतं. एवढा जीव लावून करत होतास.” मावशींनी फुंकर मारली. “आणि खरं सांगू? पहिल्या चार-पाच वेळा बरं वाटलं ऐकायला. काय आवाज होता रे माझा! मग मात्र वाटायला लागलं, माणूस एकतीस वेळा एकसारखा ओरडतो का कधी? दुखणं रोज वेगळं असतं.”

“चुकलं माझं.”

“चुकलंच. साखर आण.”

नवव्या दिवशी मालकांचा जबाब आला, आणि सोबत चित्रपट आला, काळा नव्हे, पुरता उघडा. सर्व दरबार पडद्यापुढे बसला, आणि अकरा वर्षांत प्रथमच त्यांनी आपल्या योद्ध्यांस पाय असलेले पाहिले. गोरुदानाचे बूट पाहून काडी गहिवरले. मिचिबो मार खात होता, पडत होता, उठत होता. मग सात दारांची आरोळी आली, चौथ्या सेकंदास फुटली, आणि पडद्यावरचा पोर स्वतःच दचकून गळ्याशी हात नेता जाहला. चित्र रंगविणाऱ्यांनी तो हात आधीच चितारून ठेविला होता. आवाज फुटावा अशीच ती जागा होती, आणि सात वर्षांपूर्वीची ताजी, खणखणीत आरोळी तेथे बसविली असती तर तो हात खोटा पडला असता. बटणराव अंधारात मान खाली घालून बसले, आणि मग त्यांनी ती वर केली. पुढे दमलेला मिचिबो दमलेल्या गोरुदानाच्या अंगठ्यावर बसला, ओठ मिटून गुणगुणू लागला, आणि डोंगराएवढ्या त्या वीराने जांभई दिली आणि तो आडवा होऊन झोपी गेला.

ताईंनी टाळ्या पिटल्या. काडी यांनी मात्र हरकत घेतली. त्यांची कैफियत अशी की झोपलेला माणूस हरलेला नसतो. शिवाय काळजे तीन असता एकच झोपले असावे, आणि उरलेली दोन जागी राहून वेळ पाहत असतील. या मुद्द्यावर चहाच्या दोन वेळा खल जाहला, आणि मॅडमनी निर्णय दिला की गोरुदान घोरत होता, आणि घोरण्यास तिन्ही काळजांची संमती लागते. काडी यांनी शस्त्र खाली ठेविले. मग तह जाहला, त्याची कलमे थोडीच: अकराची पाळी मावशींकडे कायम, काडी यांनी पोरास बुटाखाली घालण्याची भाषा करू नये, आणि मावशींनी आपल्या खुशीने आठवड्यातून एक अकराची पाळी काडी यांस बहाल करावी. हे शेवटचे कलम कोणी मागितले नव्हते. मावशी म्हणाल्या, “घे बाबा. त्या जांभईचं थोडं श्रेय तुझंही आहेच.”

मालकांच्या जबाबात मजकूर असा होता की पोराचे वयात येणे नेमके पकडले. हाच आवाज पुढेही असावा. मॅडमनी तो कागद चहाच्या खोलीत, कपांच्या वरच्या भिंतीस, टाचणीने लाविला.

येणेप्रमाणे मिचिबोने गोरुदानास जिंकिले, आणि फत्ते मावशींची जाहली. त्या दिवशी सायंकाळी सर्व निघून गेल्यावर बटणरावांनी युद्धप्रकरणाचा तक्ता पुढे ओढला, तारीख घातली, कलावंतांची नावे लिहिली, आरोळीच्या ओळीवर आले, आणि ‘जुना ध्वनी वापरला काय?’ या रकान्यात, जो एकतीस वेळा कोरा राहिला होता, स्वच्छ अक्षरांत ‘नाही’ असे लिहून खाली सही केली असे.